थेरपिस्टचं भानावर येणं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एमए करून दोन वर्षं काउन्सेलिंग करतेयस, ८ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स केलास, रोज सकाळी २० मिनिटं बसतेस, आणि तरीही एक २२ वर्षांचा क्लायंट आहे ज्याच्या सेशनमध्ये पंधराव्या-विसाव्या मिनिटाला तुला झोप अनावर होते. बाकी कुणाच्याच बाबतीत होत नाही. तर माझं ध्यान चुकतंय का, आणि मुळात थेरपिस्ट माइंडफुल असला तर क्लायंटबरोबरच्या नात्यात खरंच फरक पडतो का, की हे सगळं वर्कशॉपवाल्यांचं मार्केटिंग आहे, असं विचारलंयस. (त्या मुलाचे बाकीचे तपशील मी गाळलेत. पुढच्या वेळी तूही गाळत जा, गाव आणि कॉलेज लिहिलं की ओळखायला फार डोकं लागत नाही.)

फरक पडतो. फक्त तुला वाटतंय तसा नाही पडत, म्हणजे आपण शांत झालो म्हणून क्लायंट शांत झाला इतकं ते सरळ नाहीये. आणि झोपेचं म्हणशील तर शेवटी येते त्याच्यावर, पण एक आत्ताच सांगते, झोप येतेय हे तुला पंधराव्या मिनिटालाच कळतंय ही त्या कोर्सची कमाईच आहे. मला सुरुवातीला सेशन संपल्यावर कळायचं, कधीकधी तेही नाही.

मी नाशिकला १९ वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्यातली शेवटची सातेक वर्षं ज्युनियर मंडळींचं सुपरव्हिजनही, म्हणजे त्यांच्या केसेस ऐकून त्यांना वाट दाखवणं. इगतपुरीचं धम्मगिरी इथून तासाभरावर, त्यामुळे आमच्याकडे दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेली माणसं जागोजागी भेटतात, क्लायंट पण आणि थेरपिस्ट पण. मी स्वतः दोनदा बसलेय. हे आधीच सांगते कारण पुढे मी ध्यानाबद्दल जरा तिखट बोलणार आहे आणि ते बाहेरून बघणारीचं बोलणं नाहीये.

माइंडफुलनेसला मराठीत सजगता म्हणतात, शब्द छानच आहे पण मला सुपरव्हिजनमध्ये 'भान' जास्त उपयोगी पडतो. मूळ पाली शब्द 'सती', म्हणजे संस्कृतातली स्मृती, आठवण. १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स या इंग्रज अभ्यासकाने त्याला माइंडफुलनेस हा शब्द वापरला, आणि जॉन कबात-झिनने १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात त्याचा कोर्स काढल्यावर तो हळूहळू जगभर झाला. तू केलास तो कोर्स त्याचाच नातू-पणतू असणार. पण मुळात अर्थ आठवण, आपण आत्ता कुठे आहोत याची आठवण असणं. आणि आपल्याकडे दूध उतू जायला लागलं की आई काय ओरडायची, 'अगं भानावर ये!' सेशनमध्ये मला तरी दुसरं काही करायचं नसतं. भान सुटतं, आणि भानावर यायचं. सुटतच नाही असं कुणाचंच होत नाही, माझं आजही ५० मिनिटांत पाच-सात वेळा सुटतं. नात्यावर परिणाम होतो तो सुटण्याचा कमी आणि सुटल्यावर आपण काय करतो त्याचा जास्त.

माझी एक जुनी गोष्ट सांगते (माणसं ओळखू येणार नाहीत इतपत बदललीयत). पन्नाशीचे एक गृहस्थ यायचे. मुलगा एकाच घरात राहून दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलत नव्हता, काय झालं विचारलं तर 'काही नाही' एवढंच म्हणायचा. दुपारची वेळ, काका तीच हकिगत तिसऱ्यांदा सांगतायत, मी मान हलवतेय, 'हं… हं' चाललंय आणि डोक्यात गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. ते मध्येच थांबले आणि म्हणाले, मॅडम कंटाळलात का? मी म्हटलं, छे छे, बोला ना काका, ऐकतेय मी.

आता बघ, लक्ष जाणं हा काही गुन्हा नव्हता, पण त्या माणसाला घरी मुलगा रोज जे करत होता तेच मी केलं, समोर असून नसणं आणि वर विचारलं तर 'काही नाही'. तेही फी घेऊन. ते पुढच्या आठवड्यात आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही, मग त्यांच्या मिसेसचा फोन आला की त्यांना आता बरं वाटतंय. मला तेव्हा वाटलं की चला, बरं वाटतंय! खरंच वाटलं. सुपरव्हायजरने तो सगळा संवाद शब्द न् शब्द लिहून आणायला लावला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आज तेच झालं तर मी म्हणेन, 'हो काका, दोन मिनिटं माझं लक्ष गेलं होतं, तुम्ही दिवाळीचं सांगत होतात तिथपर्यंत मी होते, पुढचं निसटलं, परत सांगाल? आणि तुम्हाला ते लगेच कळलं, घरी पण असं चटकन कळतं का?' हे म्हणायला धैर्य वगैरे लागत नाही गं, फक्त त्या क्षणी आतमध्ये जे होतं ना, कानशिलं गरम होणं, 'अरे बापरे पकडले गेले' ही शरम, ती दोन-तीन सेकंद तशीच राहू द्यावी लागते. ती राहू दिली नाही की 'छे छे' तोंडातून निघून जातं, आपण ठरवायच्या आधी. तुझी रोजची २० मिनिटं कुठे कामाला येत असतील तर त्या दोन-तीन सेकंदांत. ध्यानाला बसल्यावर पायाला मुंग्या आल्या तरी लगेच हलायचं नाही, बघत राहायचं, हे जे तू करतेस तेच इथे शरमेचं करायचं, रागाचं करायचं, कंटाळ्याचं करायचं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ च्या त्याच्या लेखात थेरपीसाठी ज्या अटी सांगितल्या त्यात बिनशर्त स्वीकार आणि सहवेदना सगळ्यांना पाठ असतात, परीक्षेत येतात ना. काँग्रुअन्स मात्र सगळे घाईत उरकतात. थेरपिस्टच्या आत जे चाललंय आणि बाहेर जे दिसतंय ते एकमेकांशी जुळलेलं असणं. पण आत काय चाललंय हे मला स्वतःलाच पत्ता नसेल तर जुळवणार काय? माझ्या मते माइंडफुलनेसचा नात्याशी खरा सांधा इथे आहे. सहवेदनेसाठी पण उपयोग होतो, नाही असं नाही, पण सहवेदना या फील्डमध्ये येणाऱ्या बहुतेकांकडे आधीपासूनच ढीगभर असते. आपल्याला कमी पडतो तो स्वतःच्या नको त्या भावनांचा पत्ता.

आता रिसर्चचं, कारण मार्केटिंग आहे का विचारलंयस. क्लायंट आणि थेरपिस्टचं नातं, ज्याला आपण वर्किंग अलायन्स म्हणतो (१९७९ मध्ये बॉर्डिनने त्याचे तीन भाग सांगितले, कुठे जायचंय यावर एकमत, कसं जायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा), ते चांगलं असलं की थेरपीचा रिझल्ट चांगला येतो हे बऱ्यापैकी पक्कं आहे. २०१८ साली २९५ अभ्यास एकत्र करून बघितले होते, ३०,००० च्या वर पेशंट, आणि सहसंबंध आला साधारण ०.२८. म्हणजे रिझल्टमधला जो फरक असतो त्यातला आठेक टक्के. तुला कमी वाटेल, पण आपल्या फील्डमध्ये एवढं सातत्याने दिसणारं दुसरं फारसं काही नाहीये.

मग थेरपिस्टच्या ध्यानाचं काय? जर्मनीतल्या एका मानसोपचाराच्या हॉस्पिटलमधला अभ्यास आहे, २००७ चा, ग्रेपमायर आणि मंडळींचा. १८ शिकाऊ थेरपिस्ट, त्यातले निम्मे रोज झेन पद्धतीचं ध्यान करून कामाला लागायचे आणि निम्मे नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केलेली, १२४ पेशंट, आणि पेशंटना याचा पत्ता नाही. ध्यान करणाऱ्यांच्या पेशंटची लक्षणं जास्त कमी झाली, आणि त्यांना थेरपीही जास्त उपयोगाची वाटली. मला तो अभ्यास आवडतो पण १८ थेरपिस्ट म्हणजे किती लहान ग्रुप झाला ते तूच बघ. दुसरा २०१३ चा, त्यात ट्रेनी थेरपिस्टनी काही सेशनच्या आधी फक्त ५ मिनिटं मन स्थिर करायचा व्यायाम केला आणि काहींच्या आधी नाही. गंमत काय झाली, थेरपिस्टना वाटलं आपण आज जास्त हजर होतो, क्लायंटना मात्र त्यांच्या हजर असण्यात फरक जाणवला नाही, दोन्ही वेळेला त्यांनी भरपूरच मार्क दिले. पण सेशन जास्त उपयोगी झालं असं मात्र क्लायंटनी सांगितलं. म्हणजे आपल्याला वाटतं क्लायंट आपलं ध्यानमग्न असणं बघतोय, तो बिचारा ते बघतच नसतो, त्याचं त्याचं काम झालं की नाही ते तो बघतो.

आणि आता उलटा. २००६ मध्ये एका अमेरिकन ट्रेनिंग क्लिनिकमध्ये असं दिसलं की ज्या ट्रेनींनी प्रश्नावलीत स्वतःला जास्त माइंडफुल म्हटलं होतं त्यांच्या क्लायंटचे रिझल्ट उलट खालचे आले. तिथे मॅन्युअलप्रमाणे, म्हणजे पुस्तकात आखून दिलेल्या पायऱ्यांनी, ट्रीटमेंट चालायची, त्यामुळे लोक वेगवेगळी कारणं देतात. माझं आपलं मत असं की 'माझं लक्ष सहसा विचलित होत नाही' यावर बिनधास्त टिक करणाऱ्या माणसापेक्षा 'छ्या, माझं तर सारखं जातं' म्हणणारा मला सुपरव्हिजनला जास्त आवडतो. ज्याला आपलं भान सुटलेलं कळतं तोच स्वतःला कमी मार्क देणार ना.

मग येते माझ्या तिखट मुद्द्यावर. आमच्याकडे एक इंटर्न होता, हुशार, मनाने चांगला. तो शिबिराहून आला आणि एकदम संथ झाला. आवाज खाली, पापण्या अर्ध्या, प्रत्येक वाक्याच्या आधी एक मोठा श्वास. आम्ही आपसात हसायचो, पण दीड महिन्याने त्याच्या एका क्लायंटने रिसेप्शनला येऊन विचारलं की दुसरे कुणी मिळतील का. का विचारलं तर ती म्हणाली, 'सर इतके शांत असतात की त्यांच्यासमोर रडायला लाज वाटते, मी म्हणजे अगदीच काहीतरी, असं वाटतं.' तिने हे माझ्याकडे सांगितलं, त्याच्याकडे नाही. याला मी थंड पाण्याचा माठ म्हणते, बाहेरून गार, घोटभर प्यावं असं वाटतं पण हात लावला की ओला, धरता येत नाही. शांतपणा हे पण एक लपायचं ठिकाण होऊ शकतं, आणि क्लायंटला, विशेषतः ज्याच्या घरी वडील किंवा आई अशीच कधी काही चेहऱ्यावर न दाखवणारी होती त्याला, तो चेहरा भिंतीसारखा लागतो. त्या इंटर्नला मी ध्यान बंद कर म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की ती रडायला लागली तेव्हा तुझ्या पोटात काय झालं ते पुढच्या वेळी मला सांग. तीन आठवडे त्याला सांगता आलं नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाला, भीती वाटते मॅम, ती थांबलीच नाही तर मी काय करू. तिथून त्याचं काम सुरू झालं.

नातं बिघडण्याचं जरा सविस्तर सांगते कारण मला वाटतं खरी परीक्षा तिथेच असते, सगळं गोड चाललेलं असताना कुणीही हजर असतो. सॅफरन आणि म्युरन या दोघा संशोधकांनी अलायन्स तुटण्यावर बरंच काम केलंय, त्यांनी दोन प्रकार सांगितले, क्लायंट अंगावर येतो किंवा क्लायंट आत मागे जातो. आपल्याकडे पहिला प्रकार कमी. मराठी माणूस थेरपिस्टला तोंडावर 'तुमचं चुकतंय' क्वचितच म्हणणार, एक तर डॉक्टर समजून मान देतात, दुसरं म्हणजे आपल्याला मोठ्यांना उलट बोलायची सवय लावलेलीच नसते. मग काय होतं? 'हो मॅडम, बरोबर आहे तुमचं.' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. किंवा 'बघतो', 'प्रयत्न करते', 'पुढच्या आठवड्यात जरा गावाला जायचंय, मी कळवते.' सुरुवातीला मला हे ऐकून बरं वाटायचं की क्लायंट किती समजूतदार आहे. आणि ते बरं वाटणं हाच सापळा आहे. राग आलेला आपल्याला कळतो निदान, पण आपण सुखावलोय हे लक्षात यायला फार भान लागतं.

हल्ली मी काय करते, 'बरोबर आहे तुमचं' आलं की एक श्वास थांबते, मला आत्ता छान का वाटलं ते बघते, आणि मग म्हणते की तुम्ही हो म्हणालात पण मला शंका येतेय की मी जरा घाईने बोलले, तुमच्या मनात यातलं किती पटलं, रुपयात किती आणे? आणे म्हटलं की जुनी माणसं हसतात आणि खरं सांगतात. 'चार आणे.' मग बारा आण्यांचं बोलता येतं.

बाजू घेण्याचं पण असंच. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी रात्री उठून बघायचे आणि सकाळी क्लायंट सासूबद्दल बोलायची. तिची सासू मला पहिल्या वाक्यापासून आवडेनाशी झाली. चार सेशन मी इतक्या उत्साहाने तिच्या बाजूने होते की तिला वाटलं असेल काय छान मॅडम मिळाल्या, आणि पाचव्या सेशनला ती म्हणाली की खरं तर त्या वाईट नाहीयेत हो, माझ्या बाळंतपणात त्यांनीच केलं सगळं. म्हणजे तिला सासूची बाजू घ्यावी लागली कारण तिच्या मनातली दुसरी बाजू मी अडवून बसले होते! माझ्या शरीराने हे चार सेशन आधी सांगितलं होतं, तिने 'सासूबाई' म्हटलं की जबडा घट्ट व्हायचा माझा, पण मी त्याला दाढदुखी समजले. ही थट्टा नाही, खरंच डेंटिस्टकडे गेले होते. काउंटरट्रान्सफरन्स (क्लायंटमुळे थेरपिस्टच्या स्वतःच्या आत जे जागं होतं ते) शिकवताना आपण विचारांबद्दल बोलतो, माझा अनुभव असा की तो आधी शरीरात येतो, जबडा, खांदे, पोट, पायाचं हलणं, आणि विचार मागून येऊन त्याला छानसं कारण देतात.

सल्ल्याची ओढ. 'मॅडम, तुम्हीच सांगा आता काय करू.' हे वाक्य आलं की माझ्या छातीत काहीतरी पुढे झुकतं, अक्षरशः मी खुर्चीत पुढे येते. आता हे कळतं म्हणून मागे टेकते आणि मग बोलते, किंवा बोलत नाही. पण गप्प राहण्याबद्दल एक सावधानी, आपल्याकडे मोठं माणूस गप्प बसलं म्हणजे ते रागावलंय असा अर्थ होतो, त्यामुळे परदेशी पुस्तकात वाचून नुसती लांब शांतता ठेवू नकोस, क्लायंट घाबरतो. सांगून टाकावं की मी विचार करतेय, तुम्हीही करा, घाई नाही. मग ४० सेकंदांची शांतता पण दोघांना पेलते. फ्रॉइडने १९१२ मध्येच डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की लक्ष सगळीकडे सारखं तरंगतं ठेवा, एकाच गोष्टीला चिकटू नका. फ्रॉइडचं बाकी कितीतरी मागे पडलं पण हे काही शिळं झालेलं नाही.

ऑनलाइन सेशनबद्दल दोन ओळी. स्वतःचा चेहरा कोपऱ्यात दिसतो तो बंद कर, आपण अर्धा वेळ स्वतःचाच 'समजूतदार' चेहरा तपासत असतो. लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवून सेशन घेणारे मला माहीत आहेत, नाव घेत नाही, स्वतः मी पण लॉकडाउनमध्ये एकदा केलंय आणि क्लायंटने चष्म्यात चमकताना बघितलं. कार पार्क करून किंवा गच्चीत जाऊन बोलणारा क्लायंट असेल तर पहिली दोन मिनिटं तो कुठे आहे, कुणी ऐकतंय का, हे विचारण्यात घालव, भान दोघांचं असतं.

दोन सेशनच्या मध्ये मी काय करते हे विचारलंयस. विशेष काही नाही. ५० मिनिटांचं सेशन ५० लाच संपवते (हे जमायला मला सहा वर्षं लागली), नोट्सच्या तीन ओळी लिहिते, हात धुते, खरंच पाण्याखाली हात धरून धुते, गेलेला माणूस त्या पाण्याबरोबर जाऊ दे असं म्हणून नाही, फक्त पाणी थंड आहे का कोमट ते बघत. मग खुर्चीत बसून तळपाय जमिनीला टेकवते आणि येणाऱ्या माणसाबद्दल मला आत्ता काय वाटतंय ते एका शब्दात मनात म्हणते. 'कंटाळा.' 'काळजी.' 'आनंद.' 'नको गं बाई.' शब्द खरा असायला पाहिजे, चांगला नसला तरी चालतो. फोन बघत नाही. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. एवढंच. नोट्समध्ये एक समास सोडलाय, त्यात सेशनमध्ये माझं भान कुठे सुटलं ते लिहिते, विषय आणि साधारण वेळ. महिनाभराने तो समास वाचला की क्लायंटपेक्षा माझ्याबद्दलच जास्त कळतं.

आणि एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. मी सुरुवातीला एका क्लिनिकमध्ये होते तिथे अर्ध्या अर्ध्या तासाचे स्लॉट, मध्ये गॅप नाही, दिवसाला दहा-अकरा क्लायंट, आणि आम्ही थकतो म्हटल्यावर त्यांनी काय केलं, तर आमच्यासाठी शनिवारी माइंडफुलनेसचं सेशन ठेवलं. सुट्टीच्या अर्ध्या दिवशी! दिवसाचा नववा माणूस ऐकताना जे लक्ष जातं ते ध्यानाने भरून निघत नाही गं, ते झोपेने निघतं, जेवणाने निघतं आणि क्लायंट कमी केल्याने निघतं. तुझ्या जागी असं काही चालू असेल तर स्वतःच्या ध्यानाला दोष देत बसू नकोस.

क्लायंटला माइंडफुलनेस शिकवावं का, हे पण विचारलंयस, तो वेगळा विषय आहे आणि इथे लांबण नको. फक्त एवढंच की तुला उपयोग झाला म्हणून प्रत्येकाला डोळे मिटायला लावू नकोस. ज्याच्या अंगावर काही वाईट प्रसंग येऊन गेलाय त्याला डोळे मिटून शरीराकडे लक्ष दे म्हटलं की ते शरीर हीच धोक्याची जागा असू शकते. अशांना डोळे उघडे ठेवून खोलीतल्या पाच वस्तू सांग म्हटलेलं जास्त मानवतं. आणि मी रोज ध्यान करते हे क्लायंटला स्वतःहून सांगायची गरज मला कधी पडली नाही. कुणी विचारलं तर हो म्हणते आणि विषय पुन्हा त्यांच्याकडे नेते.

तर तुझी झोप. आधी साध्या गोष्टी तपास, रात्रीची झोप, खोलीतली हवा, आणि शाकाहारी असशील तर एकदा बी-१२ करून घे, हसू नकोस, आमच्याकडची एक मुलगी तीन महिने काउंटरट्रान्सफरन्स शोधत होती आणि तिचं बी-१२ तळाला होतं. पण तुझं एकाच क्लायंटबरोबर होतंय म्हणतेस, म्हणजे तिथे बघायला जागा आहे. सुपरव्हिजनमध्ये ही तक्रार मी पुष्कळदा ऐकलीय आणि बहुतेक वेळा क्लायंट असा असतो जो स्वतःबद्दल पेपरातली बातमी वाचावी तसं बोलतो. माहिती सगळी बरोबर, तारखा बरोबर, पण बोलणारा तिथे नाही. तो जिथून उठून गेलेला असतो तिथे आपल्याला पेंग येते. पण उलटंही असू शकतं, त्याच्या बोलण्यात असं काही येत असेल जे तुला ऐकवत नाही, राग किंवा तुझ्या स्वतःच्या घरचं काही, आणि झोप हा तुझा पळायचा रस्ता असेल. कुठलं खरं ते आत्ता ठरवू नकोस. पुढची चार सेशन फक्त समासात लिही, झोप कितव्या मिनिटाला आली आणि त्याच्या आधीच्या दोन वाक्यांत तो काय बोलत होता.

एखादा विषय सारखा सापडला तर मग त्याच्याशी बोलायचं, आणि तेही 'तू बोलतोस तेव्हा मला झोप येते' असं नाही बरं का, हे एका ट्रेनीने खरंच म्हटलं होतं प्रामाणिकपणाच्या नावाखाली. तुझी झोप त्याच्या डोक्यावर ठेवायची नाही. असं काहीतरी म्हण की 'वडिलांचं सांगायला लागलास की मला वाटतं आपण दोघंही जरा लांब गेलो, तुला काही जाणवलं का?' तो नाही म्हणाला तर नाही. सोडून द्यायचं, वाट बघायची.

आणि हो, मेलमध्ये तू ओघात लिहिलंयस की त्याचं सेशन दुपारी ३ ला असतं. आधी ते सकाळी ११ ला घेऊन बघ.